हिरव्या सोंगट्या

“फोन गादीवर उताणा ठेव,” मालनमावशी म्हणाली. “आणि वाकायचं न्हाई. वाकलीस की तुझं कपाळ दिसंल.”

“मग मला फासा कसा दिसणार?”

“बाजूनं बघायचं. मान वाकडी करून.”

“मावशी, मी हे करणार नाही.”

“शालनच्या पाटल्या कुठं हायत? त्या घाल. फाशावर बोट ठेवताना हात येतो मध्ये.”

“गळ्यात काय घालू? तेही सांगून ठेव.”

“चेष्टा नको वैजू. चार वाजायला आले,” म्हणून तिनं फोन ठेवला.

माझ्या आईची, म्हणजे शालनची, रक्षा सावडून दोन्ही मावश्या आदल्याच दिवशी आपापल्या गावी परतल्या होत्या. मालनमावशी विट्याला, बेबीमावशी जयसिंगपूरला. मी आईच्या तासगावच्या घरी एकटी होते. त्यांची थोरली बहीण, आक्का, गडहिंग्लजला मुलाकडे असायची. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिच्या हृदयाचे ठोके मध्येच चुकायचे. छातीत बॅटरी बसवायची ठरली होती, पण साखर उतरत नव्हती म्हणून ऑपरेशन पुढं पुढं जात होतं. तोवर कसलाही धक्का नको, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणजे डॉक्टर असं म्हणाले, असं तिचा मुलगा दत्तादादा म्हणत होता. एवढं दोन्ही मावश्यांना पुरलं.

चौघी बहिणी रोज दुपारी चारला फोनवर लुडो खेळायच्या. तो खेळ असा होता की पटाच्या चार कोपऱ्यांत चार चौकटी असत आणि ज्याचा त्याचा कॅमेरा ज्याच्या त्याच्या चौकटीत दिसे. कॅमेरा बंद ठेवूनही खेळता यायचं, पण आक्काला ते मान्य नव्हतं. एकदा बेबीमावशी चहा करायला उठली आणि तिच्या जागी तिची सून खेळली, आक्काच्या दोन सोंगट्या मारून मोकळी झाली. तेव्हापासून आक्काचा नियम होता: आधी तोंड दाखवायचं, मग फासा टाकायचा.

आईचं तोंड मात्र कधीच दिसलं नाही. ती फोन गादीवर उताणा ठेवायची आणि शेजारी मांडी घालून बसायची. तिच्या चौकटीत वरचा पंखा दिसायचा. पाळी आली की क्षणभर तिचं कपाळ यायचं आणि जायचं. “ए पंख्या, टाक की!” असं आक्का ओरडायची.

आई गेल्यावर तीन दिवस मावश्यांनी नेट नसल्याचं सांगितलं. चौथ्या दिवशी आक्कानं मालनमावशीला फोन केला. “तासगाव, विटं, जयसिंगपूर, तिन्हीकडचं नेट एकदमच कसं जातंय गं? का माझ्यावर रुसलाय?” त्यावर मावश्यांनी डोकं चालवलं. शालनचा पंखा तर जागेवरच आहे, आणि त्याच्याखाली बसायला वैजू आहे.

मी पाटल्या घातल्या. त्या माझ्या मनगटाला अगदी बरोबर बसल्या आणि मला त्याचाही राग आला.

“आल्या का बायांनो?” आक्काचा आवाज आला. तिच्या चौकटीत तिचा जाड चष्मा आणि अर्धं नाक दिसत होतं. “शालन कुठाय? हां, आला पंखा. काय गं, बोलत का न्हाईस?”

“तिचा घसा बसलाय, आक्का,” बेबीमावशी घाईघाईनं म्हणाली. “अजिबात आवाज निघत न्हाई.”

मी खोकले.

“दाताखाली लवंग धर,” आक्का म्हणाली. “आणि फासा टाक.”

मी फासा टाकला. आयुष्यात मी लुडो धड खेळले नव्हते. आईनं पूर्वी कितीदा म्हटलं होतं, ये गं, एक डाव. मी हातातल्या पुस्तकातून मान वर न करता नंतर म्हणायचे. आता मी तिच्या गादीवर मान वाकडी करून तिच्या हिरव्या सोंगट्या ढकलत होते. मध्ये आक्काची लाल सोंगटी आली. पाच पडले होते, मी मारली.

“अगं!” आक्का म्हणाली.

डाव संपायचा अवकाश, मालनमावशीचा फोन आला.

“आक्काला मारलीस?”

“खेळात मारतातच ना?”

“शालननं कधी आक्काची सोंगटी मारली न्हाई. सगळ्या जन्मात न्हाई. आमच्या माहेरी जमिनीवर खडूनं पट काढून खेळत होतो तेव्हापासून. मला आणि बेबीला मारायची. दातओठ खाऊन मारायची. आक्काला सोडायची.”

“हे मला आधी सांगायचं होतं.”

“आता सांगतीय की. आणि सहा पडला की तू लगेच नवी सोंगटी काढतीस. ती काढत नव्हती. एकच पुढं पळवायची.”

“पण ते चुकीचं आहे. एकच सोंगटी पळवली तर—”

“चुकीचं असूंदे. तिचं तसं होतं.”

मग हे रोजचंच झालं. चारला डाव, आणि डाव आटोपला की माझी झडती. शालन चांदणीच्या घरात थांबायची, तू का पुढं गेलीस. शालन बेबीला मारल्यावर टाळी वाजवायची, तू का वाजवली नाहीस. घसा बसलाय, हात तर बसले नाहीत ना. माझ्या आईला मी कधी कुणाचं वाईट चिंतताना ऐकलं नव्हतं. ती शांत बाई होती. पण मावश्यांच्या तोंडून कळलं की रोज चार ते पाच ती “मर मेले”, “आता तुला घरीच धाडते”, “विट्याची वाट धर” असं काय काय बोलायची आणि गुडघ्यावर थापा मारायची. त्या वेळी मी पुण्यात असायचे. सुट्टीला आले तर त्या तासाला बाहेरच्या खोलीत दार लावून वाचत बसायचे.

एकदा शेजारच्या सोनवणेकाकू डबा घेऊन आल्या त्या थेट आतच. मी आईच्या पलंगावर, हातात आईच्या पाटल्या, मान बगळ्यासारखी वाकडी, आणि फोनमधून बेबीमावशी कोकलत होती, “मार की! मार मालनला, बघत काय बसलीस!” मी ओठांवर बोट ठेवलं. काकूंनी डबा स्टुलावर ठेवला, माझ्याकडं पाहिलं आणि पाऊल न वाजवता निघून गेल्या. त्या आळीत नंतर काय बोललं गेलं असेल ते मी विचारलं नाही.

तेराव्याचा स्वयंपाक झाला, पाहुणे जेवून गेले. त्या दिवशीसुद्धा, दोन्ही मावश्या तासगावातच असताना, एक मागच्या न्हाणीघरात आणि एक गच्चीवरच्या टाकीआड बसून खेळली, म्हणजे आक्काला एकमेकींचे आवाज ऐकू जायला नकोत. मी पलंगावर. बाहेर भटजी दक्षिणेसाठी थांबलेले. मी तेव्हाच ठरवलं की पुरे झालं.

“रविवारी मी पुण्याला चाललेय,” मी पंगतीची पानं उचलताना सांगितलं. “रजा संपली.”

दोघींनी एकमेकींकडं पाहिलं.

“मग चारला?” बेबीमावशीनं विचारलं.

“पुण्याहून खेळेन. फोन काय, कुठूनही चालतो.”

“पुण्याचा पंखा कसला हाय?”

“काय?”

“शालनचा तपकिरी हाय. जुना. एका पात्याचा रंग उडालेला. आक्काला पाठ हाय तो पंखा. तुझा असंल पांढरा.”

माझा पांढराच होता.

“मग आता मी पंख्यासाठी रजा मागू? अर्जात काय लिहू? कौटुंबिक पंखा?”

“फोटो काढून न्हेला तर?” बेबीमावशी म्हणाली.

“फोटोतला फिरंल का?” मालनमावशी म्हणाली. “त्यापरीस पंखाच सोडवून न्हे. वायरमन हाय ना कोपऱ्यावर.”

ती हे गंभीरपणे म्हणत होती. माझ्या हातात खरकट्या पानांची चवड होती. ती तिथंच टाकून चालू पडावं असं मला वाटलं.

“मावशी,” मी म्हणाले, “माझी आई गेलीय आणि मी रोज तासभर ती गेली नाही असं नाटक करते. मला रडायचं असेल तर मी कधी रडायचं? पाचनंतर?”

मालनमावशीनं माझ्या हातातली पानं घेतली. “तेवढी बॅटरी बसूंदे,” ती म्हणाली. “मग मीच सांगते तिला. तोंडानं सांगते. आक्का बी गेली, तर काय करायचं आम्ही दोघींनी?”

मी रजा वाढवून घेतली. कारण लिहिलं, घरातली निरवानिरव.

एक गोष्ट मात्र मला खटकत होती. मी रोज जिंकत होते. अडाण्यासारखं, आईसारखं, एकच सोंगटी पळवत खेळूनही जिंकत होते. एकदा बेबीमावशीला चार पडले आणि बरोबर चार घरांवर माझी हिरवी सोंगटी उघड्यावर उभी होती. तिनं पलीकडची आपली दुसरीच सोंगटी हलवली. मला वाटलं, चष्मा घातला नसेल. दुसऱ्या दिवशी मालनमावशीनं तेच केलं. इतक्या वर्षांत ह्यांना खेळ येत नाही आणि वर मलाच शिकवतात, म्हणून मी आणखी चिडले.

शेवटी साखर उतरली. दत्तादादाचा निरोप आला की उद्या सकाळी आक्काला कोल्हापूरला हलवतोय. मी त्या दिवशी बॅग भरून ठेवली. शेवटचा डाव म्हणून पलंगावर बसले, पाटल्या चढवल्या, फोन उताणा केला.

आक्का त्या दिवशी बोलत नव्हती. ओरडली नाही, कुणाला डिवचलं नाही. माझ्या तीन सोंगट्या घरी पोचल्या होत्या, चौथी घराच्या तोंडाशी, पण अजून बाहेरच्या वाटेवर. मालनमावशीला तीन पडले. माझी सोंगटी तिच्या पुढ्यात तिसऱ्या घरावर होती. मावशी थोडी थांबली आणि तिनं मागची सोंगटी तीन घरं सरकवली. पुढच्या फेरीला माझी चौथी सोंगटी घरी गेली. पडद्यावर फटाके उडाले.

“शालन जिंकली,” बेबीमावशी म्हणाली. “पुन्हा शालनच.”

“मालन,” आक्का म्हणाली, “तुला तीन पडले होते.”

“व्हय.”

“शालनची पुढ्यात उभी होती.”

“दिसली न्हाई, आक्का. उजेड पडतोय फोनवर.”

“आणि बेबी, काल तुला दोन पडले होते. परवा पाच.”

बेबीमावशीचं तोंड चौकटीतून बाजूला झालं.

“तुम्ही दोघी,” आक्का म्हणाली, “लहानपणी एका पेरूवरनं शालनच्या झिंज्या धरून तिला आडवी पाडायच्या. तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी खेळताना तिची सोंगटी घराच्या तोंडातनं मागं धाडलीस तू, मालन. हळद लागलेल्या पोरीला रडवलंस. जित्या शालनला तुम्ही कधी सोडली न्हाई.”

मग मालनमावशीचा चढा आवाज आला.

“काहीतरी काय बोलतीस, आक्का! ही काय शालन. हा काय पंखा.”

“मालन, गप,” आक्का म्हणाली. “वैजू, तोंड दाखव.”

मी वाकले. माझ्या चौकटीत पंखा झाकला गेला आणि माझा चेहरा आला. समोर आक्काचा चष्मा होता, त्याआड तिचे डोळे कॅमेऱ्याच्या इतके जवळ की त्यांत मला काहीच वाचता येत नव्हतं.

“वाळलीस की गं,” ती म्हणाली.

“आक्का, तुला कधी कळलं?”

“पहिल्या दिवशी वाटलं, शालन माझ्यावर चिडलीय, म्हणून मला मारली. दुसऱ्या दिवशी ह्या दोघींनी तिला मारायची सोडली, तेव्हा कळलं.”

“मग तू बोलली का नाहीस?” मला राग आवरेना. “इतके दिवस मी मान मोडून बसलेय इथं. माझी नोकरी आहे. मी खोकतेय, टाळ्या वाजवतेय—”

“बोलले असते तर ह्या दोघी चारला आल्या असत्या का?” आक्का म्हणाली. “तू आली असतीस?”

मी पाटल्या मनगटावर मागं सारल्या.

“आता सांग,” ती म्हणाली.

“काय सांगू? तुला कळलंय तर सगळं.”

“मला कळलंय. मला कुणी सांगितलेलं न्हाई.” ती जरा मागं सरकली, आणि पहिल्यांदा तिचा पूर्ण चेहरा चौकटीत आला. किती म्हातारी झाली होती. “कानावर आल्याशिवाय अंघोळ करता येत न्हाई, बाई. मनानंच ओळखलं म्हणून कुणाच्या नावानं पाणी घ्यायचं नसतं. जित्या माणसाला ते अशुभ. उद्या मला टेबलावर घेणार. न्हाई उठले, तर माझ्या पाठच्या बहिणीची अंघोळ राहून जाईल. ह्या दोघी सांगायच्या न्हाईत. दत्त्या सांगायचा न्हाई. तू सांग.”

“वैजू, नको!” बेबीमावशी म्हणाली. “डॉक्टर काय म्हणालेत—”

“बेबी, ठोके माझे हायत.”

मालनमावशीची चौकट मी पाहिली. तिनं पदर तोंडाशी घेतला होता. तिनं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मला जे हवं होतं तेच आक्का मागत होती. इतके दिवस हेच तर बोलून टाकायचं होतं. आणि आता तोंड उघडेना. मावश्यांना सोनवणेकाकूंनी कळवलं होतं, नातेवाइकांना मावश्यांनी, पुण्याला ऑफिसात सोनवणेकाकूंच्या मुलीनं फोन केला होता, वर्तमानपत्रातला मजकूर दत्तादादानं दिला होता. ज्याला ठाऊक नाही अशा एकाही माणसाला मी स्वतः ते वाक्य अजून म्हटलं नव्हतं.

“आक्का,” मी म्हणाले, “आई गेली.”

तिनं मान हलवली. पडद्यावर ‘पुन्हा खेळायचे?’ असं चमकत होतं.

“कधी?”

“त्या गुरुवारी. दुपारी.”

“त्रास झाला का?”

“नाही. झोपेतच.”

“काय जेवली होती?”

“भाकरी. आणि मेथी. ताक प्यायली वाटीभर.”

“मेथी तिला आवडायचीच. तू होतीस जवळ?”

“होते. सकाळीच आले होते पुण्याहून. जेवण झाल्यावर आडवी झाली. म्हणाली, चारला उठव, आक्का वाट बघते. मी बाहेरच्या खोलीत वाचत बसले.”

आक्का थांबली. तिला पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं, हे मला दिसत होतं.

“त्या दिवशी मी हाक घातली होती खेळात. चारच्या ठोक्याला. लई वेळ वाजवत ठेवली. तिकडनं कुणी उचललं न्हाई.”

“हो. तुझाच फोन वाजत होता. मला वाटलं ती उचलेल. थांबेना, म्हणून मी आत गेले.”

“उशाशी होता का फोन?”

“उशाशीच.”

“मग ऐकलं असंल तिनं,” आक्का म्हणाली. “माझी हाक ऐकली असंल.”

डॉक्टर साडेचारला आले होते. हात तपासून ते म्हणाले होते की तासाभराच्या वर झालंय, तीनच्या सुमारास गेल्या असाव्यात. ते म्हणाले तेव्हा मी पलंगाच्या कडेला उभी होते. मालनमावशीला आणि बेबीमावशीला मी ते त्याच रात्री सांगितलं होतं. दोघी चौकटींतून माझ्याकडं बघत होत्या.

“हो,” मी म्हणाले. “ऐकली. मी आत गेले तेव्हा तिचा हात फोनवर होता.”

दोघी मावश्या काही बोलल्या नाहीत.

“मग बरं,” आक्का म्हणाली. तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. कॅमेरा बंद करायचं तिला सुचलं नाही. भिंतीला धरून ती उठली, आणि पडद्याबाहेरून तिचा आवाज आला.

“सूनबाई, पाणी काढ गं. डोक्यावरनं घ्यायचंय. माझी बहीण गेली.”